कोचईची वडी आणि वाचलेलं जीवनसत्त्व

हसायचं तर हसा बाप्पा, पण जुडत आलेलं माझं लग्न मी माझ्याच हातानं मोडायले निघालो होतो. तेही हायस्कूलात विज्ञानाचा मास्तर असून!

एकोडीहून पोरीकडचे घर पाहाले येणार होते. पोरगी, शुभांगी, तीही संग. आधीच दोन जागी माझं फिसकटलं होतं. म्हणून आईनं सकाळपासून कोचईच्या, म्हणजे तुमच्या अळूच्या, वड्यांचा घाट घातला. "बेसनात चिंचेचं पाणी टाक, अन् चांगल्या वाफव," म्हणाली अन् गेली साडी बदलाले.

मी कशाचा ऐकतो! आदल्याच दिवशी वर्गात शिकवलं होतं ना. सी जीवनसत्त्व भलतं नाजूक. पाणी भेटलं की विरघळते. हवेतला ऑक्सिजन त्याचे हायड्रोजन पळवते, मग पाणी त्या रेणूचं कडं फोडते, अन् आच लागली की हे सारं धडाधड होते. फुटलेलं कडं पुन्हा जुडत नाही! मग चिंचेचं पाणी कायले? एवढी वाफ कायले? पानं जराशी मऊ पडली, की केला गॅस बंद.

पाहुण्यांसमोर ताट ठेवलं अन् सारा धडा ऐकवला. पोरीचे बाबा खुश! "वा मास्तर, हुशार आहा जी!" अन् घातली अख्खी वडी तोंडात.

मग काय, खाज हो! कच्ची कोचई ते! बाबा गळा चोळून राहिले, पोरीची आई पदरात खोकून राहिली.

"काय झालं जी?" माझ्या आईनं विचारलं.

"क्... काही नाही."

पसंती सांगाले आलेला माणूस, अन् तोंडातून शब्द निघेना! आईनं एक वडी दाबून पाहिली अन् मग माझ्याकडं पाहिलं. मले कुठं तोंड लपवू असं झालं.

बिचारे गुळाचे खडे चघळत निघून गेले. मले रडायचंच बाकी होतं.

संध्याकाळी शुभांगीचा फोन.

"सर, बाबाची खाज थांबली. त्याइले तुम्ही पसंत आहा."

"अन् तुमाले?"

"आधी एक सांगा. तुमच्या आंगणात निंबूचं झाड लदलदून आहे, मी येतानाच पाहिलं. ताटात एकेक फोड ठेवली असती, तर खाजही गेली असती अन् सी जीवनसत्त्वही कच्चंच भेटलं असतं. काहून नाही ठेवली?"

"सुचलंच नाही जी," म्हणालो.

तिकडून हसू ऐकू आलं. "मग माझाही होकार समजा. तुमाले एकटं सोडणं काही बरं नाही!"