कार्डावरचा माझा धर्म

कतारमध्ये वर्ल्ड कपची स्टेडियमं उभी राहत होती, तेव्हा मी हमद पोर्टजवळच्या एका गोदामात स्टोअरकीपर होतो. प्रेक्षकांच्या खुर्च्यांचे कंटेनर आमच्याकडे उतरायचे. माझी पगडी बघून कुणी मला पठाण म्हणायचं, कुणी मौलवी. आपली मराठी माणसं हिंदीत विचारायची, "पंजाब में कहाँ से?" मी मराठीत सांगायचो, "नांदेड. पाच पिढ्या झाल्या." मग त्यांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. हे सगळं मी हसण्यावारी नेलं. कार्डाचं मात्र नेलं नाही.

कार्ड म्हणजे गेटचा नवा पास. मागच्या बाजूला रक्तगट, घरचा फोन आणि धर्म. धर्म कशाला, तर कामावर कुणी दगावलं तर मयताचं काय करायचं ते कळावं म्हणून. मुसलमान असेल तर इथंच दफन, बाकीच्यांना विमानानं घरी. माझ्या कार्डावर छापलं होतं, मुस्लिम. कुणीतरी फोटोतली दाढी बघितली आणि परस्पर ठरवून टाकलं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. उद्या काही अंगावर कोसळलं, तर बायको नांदेडला अग्नी द्यायची वाट बघत बसणार आणि मी इथल्या वाळूत.

ऑफिसातला क्लार्क रत्नागिरीकडचा मुसलमान, सरळ माणूस. त्यानं लगेच कॉम्प्युटरवर धर्मांची यादी उघडली. त्यात शीख नव्हतंच.

"हिंदू टाकतो," तो म्हणाला. "बॉडी घरी जाईल, काम झालं. सही करा सरदारजी, खलास."

"ते मेल्यावरचं झालं," मी म्हणालो. "मी अजून जिवंत आहे."

मी सही केली नाही, मुस्लिम छापलेलं कार्डही त्याच्याच टेबलावर ठेवून आलो. कार्ड नाही म्हणून गेटच्या आत सोडेनात. दोन दिवस मी बाहेर सावली शोधत बसून राहिलो. सुपरवायझरनं निरोप धाडला, उद्यापर्यंत सही नाही झाली तर परतीचं तिकीट काढू. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? घरी फोन केला. वाटलं, बायको म्हणेल, कशाला हट्ट करता. ती म्हणाली, "खोट्यावर सही करू नका. परत आलात तर आलात."

तिसऱ्या दिवशी क्लार्कनं पुन्हा फॉर्म पुढे सरकवला.

"तुमच्या कार्डावर हिंदू छापलं तर चालेल?" मी विचारलं. "मयत रत्नागिरीला जाईल, आपल्या माणसांत."

तो रागावेल असं वाटलं होतं. पण त्यानं फोन उचलला आणि मुख्य कचेरीशी इंग्रजीत अर्धा तास भांडला. दुपारी यादीत शीख आलं. त्यानं कार्ड छापलं आणि माझ्या हातात दिलं.

"एवढं कशासाठी, सरदारजी?" तो म्हणाला. "इन्शाल्ला, ही मागची बाजू कुणाला बघायचीच वेळ येणार नाही."

"न येवो," मी म्हणालो. "पण आलीच, तर उचलणाऱ्याला कळू दे, तो कुणाला उचलतोय."