शिंप्याचा ताळेबंद आणि सात मीटर कापड

इराकी फौजा हटल्यावर, १९९१ सालच्या थंडीच्या तोंडावर मी आणि बायको कुवेतला परतलो, तेव्हा कशाचंही हसू यायचं. नळाला पाणी आलं तरी हसायचं, जुना भाजीवाला दिसला तरी हसायचं. मी पेशाने हिशेबनीस, एरवी फारसा हसत नाही.

एका शुक्रवारी सकाळी आमचा जहऱ्याचा शिंपी बिस्किटांचा डबा घेऊन आमच्या रुमैथिया भागातल्या घरी आला. मूळचा चिपळूणकडचा. त्याचं दुकान पार लुटलं गेलं होतं. परवाना ज्या कुवेती माणसाच्या नावावर होता, तो त्याचा अरबाब, म्हणजे मालक. त्याने बजावलं होतं, "आधी दुकानात काय होतं, त्याचा कागद आण. पटला तर नव्या मशिनींचे पैसे मी घालतो. नाहीतर गाळा दुसऱ्याला."

डब्यात कापडाची बिलं आणि एक वही होती.

"रोकडवही कुठाय?"

"गल्ल्यात होती, साहेब. गल्लाच गेला."

"मग ही कशी राहिली?"

"पळताना हीच उचलली. गिऱ्हाइकं परत आली तर पुन्हा मापं कोण घेणार?"

मला हुरूप आला. प्रत्येक ओळीच्या शेवटी आकडा होता: छप्पन्न, अठ्ठावन्न, चोपन्न. मी बेरीज केली, खालून वर तपासली. आक्रमणाआधीच्या सात महिन्यांची विक्री सव्वीस हजार आठशे ऐंशी दिनार! दोन्ही वेळा तीच आली, म्हणून मी खूश.

बायको रुग्णालयात नर्स. चहा ठेवता ठेवता तिने वहीत डोकावलं.

"अहो, ही उंची आहे. अंगरख्यांची. इंचात."

मी शिंप्याकडे पाहिलं. "तुम्ही बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, साहेबांची काही पद्धत असेल."

बायको हसून हसून खालीच बसली. "वहिनी, एवढं कमावलं असतं तर अरबाबच माझे कपडे शिवत बसला असता," शिंपी म्हणाला आणि आम्ही तिघंही डोळे पुसत राहिलो.

मग कापडावरून हिशेब धरला. त्या वर्षीच्या जानेवारीतली शिल्लक आणि बिलं मिळून एकोणीसशे मीटर. वहीत चारशे ऐंशी दिशदाशा, म्हणजे ते पायघोळ अंगरखे. प्रत्येकी साडेतीन मीटर. पळाला तेव्हा फळीवर दीडशे मीटर उरलं होतं, हे त्याला पक्कं आठवत होतं. तरी सत्तर मीटरचा पत्ता लागेना.

तो पुटपुटला, "ईदला अरबाबच्या घरचे अठरा शिवले. त्यांचं माप पाठ आहे, वहीत कशाला? आणि पैसे कोण मागणार?"

"मग तसं लिहायला हवं."

"साहेब, तेवढं नका लिहू! दुकान जाईल."

"न लिहिलं तर कागद खोटा होईल."

मी लिहिलं: मालकाच्या घरी, मोफत, अठरा. त्याखाली: हिशेब न लागलेलं कापड, सात मीटर. ते सात मीटर मला टोचत होते.

दुसऱ्या दिवशी जहऱ्याला अरबाबने कागद वाचला. मोफत अठराच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं. शिंपी माझ्यामागे सरकला.

"अठरा चूक," अरबाब मोडक्या हिंदीत म्हणाला. "वीस. दोन माझ्या भावाचे."

दोन दिशदाशा, सात मीटर! मी इतक्या जोरात "बरोबर!" ओरडलो की अरबाबही दचकला, मग हसत सुटला. "मशिनी किती लागतील?" त्याने विचारलं आणि माप द्यायला हात पसरून उभा राहिला.

शिंप्याने खिशातली टेप काढली, माझ्याकडे वळला. "साहेब, हा एकविसावा लिहायचा?"

"लिहायचा," मी म्हटलं.