कान कच्चा शे

नव्या माणसाला नाना नाव नंतर विचारायचे. आधी टेबलावरची मोर्सची, म्हणजे तारेच्या सांकेतिक लिपीची, चावी खटखटवून म्हणायचे, ‘‘काय ऐकू आलं? बिंदू की रेघ?’’ तारखात्यातून निवृत्त झालेले नाना धुळ्यातल्या घरून रेडिओ सेटवर देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलत. अशा सेटचा सरकारी परवाना हवा असणाऱ्यांना ते घरी शिकवत. मीही तिथेच शिकलो.

मोर्सची परीक्षा न देताही खालच्या दर्जाचा परवाना मिळतो, याचा त्यांना भारी राग. ‘‘नुसतं हॅलो हॅलो कराले परवाना कसाले? मोबाईल शे ना!’’ चिडले की ते अहिराणीवर यायचे.

पिंपळनेरचे सुभाष सर त्यांचे लाडके शिष्य. शाळेत विज्ञान शिकवायचे, सर्किट स्वतः जोडायचे. पण मोर्समध्ये दोनदा नापास झाले. वडिलांना हृदयविकार, गावात मोबाईलची रेंज बेभरवशाची, म्हणून ते खालच्या परवान्यावर तयार होते. नाना म्हणाले, ‘‘थांब जरा. सर्किट, नियम, बठ्ठं येस तुले, कान तेवढा कच्चा शे.’’

मी सरांना बाजूला घेऊन म्हणालो, ‘‘अर्ज भरून टाका.’’

‘‘नानांचा शब्द कसा मोडू?’’ सर म्हणाले. परवाना नाही, म्हणून त्यांनी सेटही घेतला नाही.

त्याच पावसाळ्यात पूर आला. पूल पाण्याखाली गेला, फोन बंद पडले. सरांच्या काळजीने नाना दोन दिवस सेटसमोर बसून होते. पिंपळनेरच्या बाजूने कुणी उत्तर देतं का पाहत होते. ‘‘कोनीच नही शे रे,’’ ते पुन्हा पुन्हा म्हणत. तिकडे उत्तर देणारा माणूस त्यांनीच थांबवून ठेवला होता.

तिसऱ्या दिवशी कळलं. पहिल्याच दुपारी सरांच्या वडिलांच्या छातीत दुखू लागलं. सर नदीकाठावर उभे राहून पलीकडच्या लोकांना हात करत, ओरडत राहिले. पाण्याच्या आवाजात कुणाला काही समजलं नाही. संध्याकाळी वडील गेले. निरोप पोचला असता तरी मदत वेळेत आली असती का, कोण सांगणार?

पंधरा दिवसांनी नाना खालच्या परवान्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरून, मला सोबत घेऊन एसटीने पिंपळनेरला गेले. सरांनी चहा दिला, अर्ज वाचला आणि परत केला. ‘‘नाना, आते कसाले?’’ आवाजात राग नव्हता.

परतीच्या एसटीत साक्री गेल्यावर नानांनी विचारलं, ‘‘मी चुकनू का रे?’’ त्यानंतर त्यांनी कुणालाच शिकवलं नाही.

गेल्या हिवाळ्यात नाना गेले. सर आले, खांदा दिला. स्मशानाबाहेर नळावर हात धुताना मला म्हणाले, ‘‘त्यांना एकदा सांगायला हवं होतं, तुमचं काही चुकलं नाही म्हणून. दोनदा धुळ्यापर्यंत आलो होतो. पण मला तसं वाटतच नव्हतं, तर सांगणार कसं?’’