दगडाबाई मेंबर समुद्र बघून आल्या

आमच्या वाडीत कुणा मेंबराला फुकट सहलीला नेलं की लोक एकमेकांकडं बघून हसतात. सरपंच निवडायचा असला किंवा अविश्वास आणायचा असला की आपल्या बाजूचे मेंबर गाडीत घालायचे, महाबळेश्वर नाहीतर गोवा दाखवायचा, आणि मतदानाच्या सकाळी थेट पंचायतीच्या दारात उतरवायचे. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. दगडाबाई तर पोट धरून हसायची. म्हणायची, "माणसं हायती का कोंबड्या? डालग्याखाली झाकून ठेवत्यात!"

आणि तीच फसली. मत हवं असलं की सहलीला नेतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. मत नको असलं तरी नेतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी रोशनबी. शिवणकाम करते. सुप्याच्या अलीकडं आमची वाडी, आणि दगडाबाईची न् माझी भिंतीला भिंत. तिचा नवरा तरणाताठा गेला. शेळ्या राखून तिनं एकुलत्या एका रणजितला वाढवला, शिकवला. शेळ्या चरायच्या गावच्या माळावर. पेरायला तो माळ काही कामाचा नाही, पण पाऊसकाळ सरला की तिथं गुडघाभर गवत असतं आणि शेजारच्या अभयारण्यातली चिंकारा हरणं खुशाल शेळ्यांच्या शेजारी येऊन चरतात. वाडीतल्या निम्म्या चुली त्या माळाच्या जिवावर पेटतात. निवडणुकीला उभी राहिली तेव्हा दगडाबाईनं एकच शब्द दिला होता, "माळ कुणाला देऊ देणार न्हाय."

मेंबर सात. सरपंच मानसिंगराव धरून तिघं एका बाजूला, तिघं विरोधात, आणि सातवी ही. मानसिंगरावांना तो माळ एका कंपनीला द्यायचा होता. निसर्ग पर्यटन म्हणे. तंबू, पोहायचा तलाव आणि भोवती कुंपण. ठराव आला की हिच्या मतावर आपटायचा. मग मानसिंगराव गप्प बसले. आम्हाला वाटलं, हरले.

अशात एक दिवस रणजित आईला म्हणाला, "आई, तुला समुद्र बघायचाय न्हवं? कोचीला अभ्यास दौरा हाय. निसर्ग कसा राखायचा ते दाखवत्यात. मेंबरासंगं घरचं एक माणूस चालतंय, मी येतो."

ज्या पोरानं आईला कधी गाडीवर बसवून बारामतीच्या दवाखान्यात नेलं नाही, ते पोर समुद्र दाखवतो म्हणत होतं. बाईचे पाय जमिनीला लागेनात. मी तिला दोन ब्लाउज शिवून दिले. शेळ्या माझ्या दारात बांधून ती गेली.

तिथून रणजितच्या फोनवरून बोलायची. कालवणाला खोबरेल तेलाचा वास येतो म्हणून दहीभातावर दिवस काढत होती, पण आवाजात नुसता आनंद. नावेतून फिरवलं तेव्हा म्हणाली, "उजनीचं पाणी यापुढं डबकं गं!" मग एका सकाळी रणजितनं मला फोटो पाठवला. लुगडं खोचून दगडाबाई गुडघाभर समुद्रात उभी, तोंडभर हसतेय, आणि लाट आली म्हणून रणजितनं तिचा हात घट्ट धरलाय. शिवायला येणाऱ्या प्रत्येक बाईला मी तो फोटो दाखवला.

त्याच दिवशी शिपायानं तिच्या बंद दाराला मीटिंगची नोटीस चिकटवली. मी लगेच फोन लावला. रणजितनं उचलला.

"आई आंघोळीला गेलीया, मावशी. सांगतो तिला. तुमी नका काळजी करू."

मी काळजी केली नाही. पोटचा पोरगा सांगतोय म्हटल्यावर कोण करेल?

मीटिंगला कुणीतरी विचारलं, दगडाबाई कुठंय? मानसिंगरावांनी खिशातून मोबाइल काढला आणि तोच फोटो सगळ्यांपुढं धरला. "मेंबरबाई मजेत हायती, बघा की." तीन विरुद्ध तीन झाले, आणि बरोबरी झाली की सरपंचाला एक जादा मत. माळ गेला.

दगडाबाई परत आली ती माझ्यासाठी केळ्याचे वेफर घेऊन. पिशवी खाली ठेवायच्या आधीच बोलायला लागली. त्या एवढ्या मोठ्या शहराच्या ऐन मध्यात, हायकोर्टाच्या मागं, खारफुटीचं इवलंसं रान राखलंय. झाडांना वटवाघळं लटकतात, बगळे येतात, आणि कुणी त्याला हात लावत नाही.

"मी मीटिंगमधी सांगणार हाय," ती म्हणाली, "त्यास्नी जमतंय तर आपल्याला का जमंना?"

"दगडाबाई, मीटिंग झाली," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं.

ती पायरीवर बसली. म्हणाली, "रणजितला ठावं नसंल."

"मी त्यालाच फोन केलता."

तेवढ्यात तो बॅग घेऊन आला. आमच्या तोंडाकडं बघूनच त्यानं ओळखलं. "आई, कंपनीवाले मला माळावर मॅनेजर करणार हायती," तो म्हणाला. "किती वर्सं शेळ्यांमागं फिरणार तू? तुज्यासाठीच केलं." कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो आमच्या डोळ्यांसमोर मिशी फुटून उभा होता. माझ्या तोंडात शिव्या आल्या होत्या. दगडाबाईनं मात्र एकच विचारलं.

"पाण्यात माजा हात धरलास, तवा तुला ठावं व्हतं?"

तो मोबाइलकडं बघत राहिला.

आता माळाला तारेचं कुंपण आहे. फाटकावर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी आहे. चिंकारा कुंपणाबाहेर रस्त्याच्या कडेला घाबरून उभी असतात आणि पाहुणे गाड्या थांबवून त्यांचे फोटो काढतात. चारायला जागा नाही म्हणून दगडाबाईनं शेळ्या विकल्या, एक तेवढी दारात ठेवलीय. एकदा माझ्या मशीनपाशी बसून म्हणाली, "समुद्र लई चांगला हाय गं. वाईट असता तर इतकं लागलं नसतं. डोळं मिटलं की पोराचा हात आठवतो, आन् मंग बाकीचं आठवतं." मला तिच्यासाठी रडू आलं. ती रडली नाही.

परवा रणजित नव्या शर्टात दारात आला. कदाचित त्याच्या मनालाही टोचत असेल, अल्ला जाणे. म्हणाला, "आई, दिवाळीत कन्याकुमारीला जाऊ. तितं तीन समुद्र एका जागी दिसत्यात. आपण दोघंच."

दगडाबाई शेळीपुढं शेवरीचा पाला टाकत होती. तिनं मान वर केली नाही.

"यीन की," ती म्हणाली. "पर ह्या बारीला आधी सांग, आता काय इकायचं ऱ्हायलंय?"