डाव्या हातांचा वर्ग

माझं काम काय, असं कुणी विचारलं की मी सांगते, दुसऱ्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं आणि मग त्यांनाच शहाणपण शिकवायचं. जबलपूरच्या आसपासच्या सरकारी शाळांत जाते, शिक्षकांचे पाठ बघते, पोरांना शिकायची गोडी कशी लावावी ते सांगते. अधूनमधून सगळ्यांना एका ठिकाणी गोळा करून प्रशिक्षण देते. शिकवण्यात उमर गेली म्हणून हे काम मिळालं आणि तोंड चालतं म्हणून टिकलं. नवरा म्हणतो, "तुझं प्रशिक्षण म्हणजे आधी झोडपायचं, मग वरून समोसे खाऊ घालायचे." खोटं नाही ते.

प्रशिक्षणात माझं एक ठरलेलं वाक्य असायचं. "वर्ग जिवंत आहे का मेलेला, ते हातांवरून कळतं. प्रश्न विचारल्यावर पोरांचे हात वर आले नाहीत, तर समजा की तुम्ही भिंतीला शिकवून राहिलात." हे मी हिंदीत म्हणायची आणि दरवेळी लोक माना डोलवायचे. मला ते फार आवडायचं, उगाच नाही म्हणत.

गेल्या वर्षी अशाच एका प्रशिक्षणानंतर एक पोरगी माझ्यामागे दारापर्यंत आली. अतिथी शिक्षिका, म्हणजे दरवर्षी नव्याने नेमणूक, पुढच्या वर्षाचा भरोसा नाही. वडील खमरियाच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, घर मुळात अमरावतीकडचं, आमच्यासारखंच. म्हणून माझ्याशी मराठीत बोलली. "मॅडम, ज्यांना काहीच येऊन नाही राहिलं, ते काहून हात वर करतील?"

मी चपला शोधत होते. कुणीतरी माझ्या चपला पायाने पार कोपऱ्यात सारल्या होत्या आणि डोकं आधीच तापलेलं होतं. म्हटलं, "अगं, मग त्यांनाही हात वर करता येईल असं काही कर ना! सगळं मीच सांगू का?" ती हसली, "अच्छा मॅडम" म्हणाली आणि गेली. मीही स्कूटी काढली आणि ओमती चौकाच्या गर्दीत शिरेपर्यंत सगळं विसरूनही गेले.

या पावसाळ्यात तिचा पाठ बघायला गेले. आसपासच्या शाळांतल्या दोघीतिघींनाही बरोबर घेतलं होतं, कारण तिचा वर्ग फार रंगतो असं कानावर आलं होतं. सहावीचा वर्ग, विषय विज्ञान. तिने कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फ आणून स्टीलच्या ग्लासात टाकला होता. थोड्या वेळाने ग्लास बाहेरून ओला झाला. तिने तो पोरांच्या नाकासमोरून फिरवला आणि विचारलं, "ग्लास फूटा तो नहीं है, फिर बाहर पानी कहाँ से आया?"

अख्ख्या वर्गाचे हात वर! एकही पोरगं खाली हात घेऊन बसलेलं नाही. माझ्याशेजारी बसलेली बाई "वाह" म्हणाली. माझी तर छाती फुगली, कारण हे सगळं माझ्यामुळेच, असं मी मनात धरूनही टाकलं होतं.

आणि मग दिसलं. निम्मे हात डावे होते.

आता हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही, म्हणून सांगते. शाळेत तपासणीला साहेब येणार असले की काही मास्तर पोरांना आधीच पढवून ठेवतात. प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल तर उजवा, येत नसेल तर डावा. मास्तर फक्त उजव्या हातवाल्यांना उठवतो, पोरं फटाफट उत्तरं देतात आणि साहेब खुश होऊन चहा पिऊन जातात. ही जुनी चलाखी. मला कशी माहीत? चोराची पावलं चोरालाच ठाऊक असतात, एवढं म्हटलं तरी पुरे.

डोक्यात सणक गेली. माझ्या डोळ्यांत धूळ फेकते? मला? पाठ चालू असताना मागे बसलेल्याने तोंड उघडायचं नाही, हा नियम मीच सगळ्यांना सांगते. तो मोडून मी उभी राहिले आणि खिडकीजवळच्या एका मुलीकडे बोट केलं. तिचा डावा हात सगळ्यात उंच होता, कोपर कानाला लागलेलं.

"तुम बताओ."

ती उठली. "मॅडम, मुझे नहीं आता."

"नहीं आता तो हाथ क्यों उठाया?"

तिने तिच्या बाईंकडे पाहिलं.

"उधर क्या देख रही हो? झूठा हाथ उठाना किसने सिखाया?"

तिची बाई ग्लास हातात धरून तशीच उभी. "मॅडम, एक मिनट," असं ती म्हणाली, पण मी कशाला थांबते! खरेपणावर मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. शेवटी सांगितलं, "जिनको नहीं आता, वो सब हाथ नीचे करो." डावे हात एकेक करून खाली आले. ती मुलगी बसली आणि तिने आपला डावा हात मांडीखाली दाबून घेतला. हे मी पाहिलं. पाहिलं आणि मला वाटलं, चला, अद्दल घडली.

घंटा झाल्यावर मी त्यांच्या त्या पोरसवदा बाईला व्हरांड्यात गाठलं आणि सुनवायला सुरुवात केली. तिने ऐकून घेतलं. रडली वगैरे नाही. मग म्हणाली, "मॅडम, तुम्हीच म्हणाल्या होत्या."

"मी? मी काय म्हटलं?"

"चपला शोधत होत्या तुम्ही. ज्यांना येत नाही त्यांनाही हात वर करता येईल असं काही कर, म्हणाल्या होत्या."

मग तिने सगळं सांगितलं. तिच्या वर्गात डावा हात म्हणजे 'मला येत नाही, पण मला पाहिजे.' प्रश्न विचारला की ती आधी डाव्या हातांकडेच जायची. "क्या नहीं आता, वो बताओ," असं विचारायची. पोरं सांगायची, इथपर्यंत कळलं, पुढे नाही कळलं. मग उजव्या हातवाल्यांनी त्यांना सांगायचं, आणि नाही पटलं तर डाव्यांनी भांडायचं. साहेबांसमोर झाकायची गोष्ट तिने उलटी करून सगळ्यांत आधी आणली होती. "आणि ती खिडकीजवळची," ती म्हणाली, "मागच्या वर्षी एक शब्द बोलत नव्हती. या वर्षी तिचाच हात सगळ्यात आधी वर येऊन राहिला होता."

'होता' म्हणाली ती, 'आहे' नाही. मला भुईत गडप व्हावंसं वाटलं. पण माझं तोंड बघा. तिथेही मी काय म्हणाले? "मग आधी सांगायचं नाही का?" एवढं बोलून पाठ फिरवली. बरोबरच्या बायांसमोर माफी मागायची म्हणजे काय!

घरी ताटावर बसले, पोळी नुसती मोडत राहिले. नवरा म्हणाला, "आज जेवून काहून नाही राहिली? कोणाला झोडपून आली?" सांगितलं. त्याने आमटी वाढून घेतली आणि शांतपणे म्हणाला, "मग जा आणि सांग, चुकलं म्हणून."

"त्या पोरीला? मी?"

"नाही तर मी जाऊ का?"

त्याच्यावर ओरडले. त्याच्यावर ओरडणं सोपं आहे. पण पुढच्या प्रशिक्षणात ते हातांचं वाक्य मी म्हटलंच नाही. लोक वाट बघत होते आणि मी पाणी प्यायले. ती पोरगी आलेली होती, मागच्या रांगेत.

काही दिवसांनी मी एकटीच तिच्या शाळेत गेले. मागच्या बाकावर बसले. तिने प्रश्न विचारला. पुढच्या बाकांवरचे नेहमीचे हुशार हात वर आले, सगळे उजवे. बाकीची पोरं फळ्याकडे नाही तर माझ्याकडे बघत बसली. खिडकीजवळची मुलगी खाली मान घालून, हात मांडीखाली. पाठ नीट झाला, कुठे बोट ठेवायला जागा नाही. आणि मेलेला. माझ्याच भाषेत सांगायचं तर ती भिंतीला शिकवून राहिली होती, आणि ती भिंत मी बांधली होती.

मधल्या सुट्टीत तिला म्हटलं, "डावे हात कुठे गेले?"

"आता नाही करत कोणी. मी खूप सांगितलं, पण पोरं म्हणतात, मॅडम डांटेंगी." मग म्हणाली, "मीही मग सोडून दिलं. पुढच्या वर्षी मी असेन का नसेन, काहून जीव काढू?"

अशी दमलेली ती मला आधी कधी दिसली नव्हती. "माझं चुकलं गं," मी म्हणाले. एवढे तीन शब्द काढायला मला किती जड गेलं, ते मलाच माहीत.

ती म्हणाली, "मला नका सांगू मॅडम. त्यांना सांगा."

सुट्टी संपल्यावर मी फळ्यापाशी उभी राहिले. आयुष्यभर फळ्यापाशी उभी राहिलेली बाई मी, पण खडू उचलला आणि परत ठेवला. म्हटलं, "उस दिन मैंने गलत डाँटा. बायाँ हाथ झूठा नहीं था. गलती मेरी थी." वर्ग एका सुरात ओरडला, "कोई बात नहीं, मॅडमजी!" पाढे म्हणतात तसं. कुणाच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्यांनी मला माफ केलं नव्हतं. मोठ्या माणसाला काय उत्तर द्यायचं असतं, तेवढं दिलं होतं.

मी मागे जाऊन बसले. त्यांच्या बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि स्टीलचा ग्लास काढला. म्हणाली, "अच्छा, यह बताओ. सावन में ग्लास बाहर से इतना भीगता है. मई में, जब लू चलती है, तब इतना क्यों नहीं भीगता?"

एकही हात वर आला नाही, पुढच्या हुशारांचाही नाही. मलाही येत नव्हतं. वाचलं असेल कधीतरी, पण नीट सांग म्हटलं तर नाही. आता करायचं काय ते अगदी स्पष्ट होतं, त्यासाठीच तर आले होते. मी हात वर केला.

पोरांनी मागे वळून पाहिलं. कुणीतरी फिसकन हसलं. त्यांची बाई नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली, म्हणून मीही वर पाहिलं. उजवा होता. इतक्या वर्षांची सवय, सगळं येतं म्हणायची. कान तापले, पण तो हात खाली घ्यायचीही लाज वाटली.

खिडकीजवळची मुलगी पूर्ण वळून बसली होती. तिला वाटलं असावं, या म्हाताऱ्या बाईला डावं-उजवं कळत नाही. तिने मांडीखालचा हात बाहेर काढला, मला नीट दिसावा म्हणून उंच धरला, आणि हळूच म्हणाली, "मॅडम, वो वाला नहीं. ये वाला."

मी हात बदलला.