बिजलीची कपाळपट्टी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवरा होता तेव्हा त्यालाही नाही, पोरींनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही आमच्यातल्या कुणाला ओळखत नाही — म्हणून असेल.

शेंद्र्याला माझ्या सासरी लग्नाच्या वरातींसाठी घोड्या पाळायचे. साज सगळा घरचा — कपाळपट्टी, गळपट्टा, पाठीवरची झूल. मणी ओवायला मला सासूबाईंनी शिकवलं, आणि थोडं फुगून सांगते, पुढं त्या कामात माझा हात धरणारं कुणी उरलं नाही. सासूबाईंचा दंडक एकच. मध्येच उठायचं झालं तर सुई खांद्याजवळ पदराला टोचून उठायचं. साजात ठेवायची नाही. माणूस ओरडेल, जनावर कसं सांगणार?

मी ठेवली. एवढंसं वाक्य — आणि ते म्हणायला किती वर्षं लागली!

बिजली नावाच्या घोडीसाठी नवी कपाळपट्टी करत होते. लाल-पांढरे मणी, मध्ये आरसा. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. परत आले ती दुसरीच सुई घेऊन बसले, अन् मागचं अस्तर शिवून टाकलं. घाई कसली होती? त्याच संध्याकाळच्या वरातीत माझी पट्टी मिरवायची होती.

घोडी धरायचा माझा धाकटा दीर. पट्टी बांधताना म्हणाला, "वहिनी, ही आज मान लई झटकतीय. बांधूच देईना."

"नवी हाय भावजी, व्हईल सवय."

त्यानं माझं ऐकलं. बंद आणखी आवळला.

बँडनं जोर धरला तशी बिजली दोन पायांवर उभी राहिली. नवरदेव खाली पडला, हात मोडला. मुलाकडच्यांनी गिल्ला केला — घोडीवाला पिऊन आलाय! वरातीत निम्मे लोक प्यालेले, वास कुणाचा हे कोण बघतो? दीर पूर्वी प्यायचा. सोडून वर्षं झाली होती, पण गावाच्या लक्षात तेवढंच राहिलेलं.

घरी बिजलीची पट्टी मी सोडली. अस्तरातून टोक बाहेर आलेलं, कपाळावर रक्ताचा ठिपका. सुई उपसून मुठीत धरली. तिकडं ओट्यावर सासरे दिराला नको नको ते बोलत होते. तो माझ्याकडं वळला.

"वहिनी, तुमी तरी सांगा. तुमच्या हातची भाकर खाऊन निघालो ना म्या? प्यालो व्हतो का?"

मी म्हणाले, "मला काय म्हाईत?"

सुई तळव्यात रुतली. मूठ मात्र उघडली नाही.

बिजलीला विकलं. दीर बजाजनगरला कंपनीत लागला, पुन्हा कुठल्या घोड्याला त्यानं हात लावला नाही. आणि मग — खरंच प्यायला लागला. सगळे म्हणाले, बघा, आम्ही सांगत नव्हतो? मीही मान डोलावली. माझी मला किळस येते.

आता मी गारखेड्यात पोरीकडं असते. खालून वरात गेली की घोडीची घुंगरं ऐकू येतात. हल्ली वरात नसली तरी येतात. खिडक्या लावल्या तरी येतात.

गेल्या वर्षी दीर गेला. दारूनं नेला, असं लोक बोलत होते. जाऊ माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. मध्येच थांबली, हळूच म्हणाली, "जाऊबाई, तुमी घरातच व्हत्या. त्या दिवशी खरंच प्यालते का हो ते?"

सासरे नव्हते, नवरा नव्हता. भ्यावं असं कुणी उरलंच नव्हतं.

मी म्हणाले, "मला काय म्हाईत, बाई?"