जुनी कानस आणि डाव्या हाताची सुरी

परवा इथल्याच एका ग्रुपवर कुणीतरी विचारलं, पहिली सुरी घरी बनवायची तर लोखंड कुठलं घ्यावं, हत्यारं कुठली? खाली उत्तरांचा नुसता पाऊस... अमुक मशीन घ्या, तमुक स्टील बाहेरून मागवा. वाचता वाचता मला एका जागी बसवेना. अरे बाबांनो, मी चुलीवर बनवली होती!

साठचं दशक संपत आलं होतं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललेलं, आणि मी दातिवऱ्याला नवीन सून. माहेर शिरगावचं, तेही मासेमारीचंच, पण मासे चिरायचं काम तिथे थोरल्या बहिणींकडे होतं. मी टोपली घेऊन बाजाराला जायचे.

सासरी मात्र मोठे मासे चिरून, मीठ भरून वाळत घालायचे. सुरीला धार एकाच बाजूने लावलेली, म्हणजे पातं काट्याला घासून सरळ जातं. उजव्या हातात धरलं तर... आणि मी पक्की डावखुरी! माझ्या हातात तीच सुरी मांसात घुसायची, माशाच्या चिंध्या व्हायच्या.

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आयला, डावा हात दिसला की कपाळावर आठी. "डाव्या हातान मासा चिरायचा नाय," एवढंच म्हणायची. उजव्याने मी तीन महिने खटपट केली, बोटं कापून घेतली. शेवटी तिने सांगून टाकलं, दाढे, म्हणजे ते मोठे मासे, यायला लागेपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर तू परत टोपली उचल. मला रडूच कोसळलं. टोपलीची लाज नव्हती हो, पण सगळ्या बायका ओळीने बसून गप्पा मारत मासे चिरणार आणि मी एकटी बाहेर... तेच सहन होईना.

पालघरच्या लोहाराला विचारलं, उलट्या बाजूने धार लावून सुरी दे. तो हसला, असलं आम्ही करत नाही म्हणाला. माझं डोकंच फिरलं. नाही ना करत? मग मी करते!

माहेरी जाते असं सांगून निघाले आणि तडक बोईसर गाठलं. बांधकामामुळे तिथे भंगाराचं दुकान लागलं होतं, दुकानदार उत्तरेकडचा म्हातारा. मी जाऊन सरळ एक चकचकीत पट्टी उचलली... दिसायला अगदी आरसा! म्हाताऱ्याने ती हातातून काढून घेतली. म्हणाला, "चमक मत देखो बेटी, चिंगारी देखो."

धार लावायचा, हाताने फिरवायचा गोल दगड होता त्याच्याकडे. चकचकीत पट्टी टेकवली तर ठिणग्यांच्या नुसत्या लांब रेघा. मग एक झिजलेली, गंजकी कानस टेकवली... आणि ठिणग्यांना फुलं फुटली! दिवाळीतल्या फुलबाजीसारखी. फुलं फुटली म्हणजे धार धरणारं पोलाद, म्हणाला. तीच घेतली, घासायला दुसरी चांगली कानस घेतली. वर त्याने बजावलं, कडक करताना तेलात बुडव, पाण्यात नाही.

घरी येऊन करवंट्यांच्या निखाऱ्यात कानस लाल केली, राखेत पुरून मऊ पाडली, मग तोडून दोन तुकडे केले. एक घासून आकाराला आणला. चार दिवस हाताला चैन नव्हती, भाकरी थापतानाही डोळ्यांसमोर तेच पातं.

आणि इथे माती खाल्ली! तेल कशाला वाया घालवायचं, समुद्र दाराशी आहे की... आमच्याकडे सगळंच खाऱ्या पाण्यात धुतात. लालबुंद पातं खाऱ्या पाण्याच्या बादलीत बुडवलं. टिण् असा आवाज आला आणि आरपार तडा.

दुसरा तुकडा घासायला घेतला तोवर गावात पहिले दाढे उतरलेही होते. जीव नुसता वरखाली. खायचं तेल मागायची सोय नव्हती, म्हणून होडीला लावायचं मुशी माशाचं तेल होतं, त्या मडक्यातच पातं खुपसलं. अगं आई गं, काय तो वास! सगळी आळी नाक धरून बाहेर.

आय धावत आली. मडकं बघितलं, पातं बघितलं. मी घाबरायचं सोडून चिडलेच. म्हटलं, बोईसरच्या भंगारवाल्याकडून कानस आणून माझी सुरी मीच करतेय, उजव्या हाताने मला जमत नाही आणि जमणारही नाही, शिरगावला धाडायचं तर धाडा! ती नाकाला पदर लावून निघून गेली.

पातं पुन्हा मंद निखाऱ्यावर पिवळसर होईपर्यंत शेकलं, मुठीला जाळ्याचं सूत गुंडाळलं, माझ्या बाजूने धार लावली. हात काम करत होते, पण डोक्यात एकच... आता आय काय ठरवणार?

आमच्या होडीत दाढे आले त्या सकाळी मी सुरी घेऊन ओळीत जाऊन बसले. आयने समोर हात पसरला. "बघू."

दिली. तिने एकदा उजवीकडे डावीकडे पाहिलं आणि सुरी डाव्या हातात घेतली. एवढा थोरला दाढा डोक्यापासून शेपटीपर्यंत एका ओढीत उघडला!

सुरी धुऊन माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "माजा डावा हात लहानपनी बांधून ठेवलेला, गो." इतक्या दिवसांचा राग कुठे गेला कळलंच नाही.

मग आणखी हळू आवाजात, "त्या भंगारवाल्याकडं अजून एक कानस आसल काय?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बोईसरला गेलो. घरात आयनेच सांगितलं, सुनेला घेऊन शिरगावला जाते म्हणून.

तर ग्रुपवरच्या त्या भावा, जुनी कानस घे, ठिणगी बघून घे आणि खाऱ्या पाण्यापासून लांब राहा. पण धार लावायच्या आधी विचार, सुरी कुठल्या हातात जाणार आहे... आमच्या आयला ते साठीपर्यंत कुणी विचारलंच नव्हतं.